चौथ्या खंडाची पाठ

९ जानेवारी

मुंगे,

आशीर्वाद. जरा जपून वापर, परीक्षेपर्यंत पुरवायचे आहेत.

तुझे गणिताचे पहिले सात खंड आज सकाळच्या बसने रवाना केले. ड्रायव्हरला बजावलंय, पेटीवर कुणाला बसू देऊ नकोस, आत गणित आहे, चावेल.

तुझ्या खोलीत राहणाऱ्या, तुला माझी पत्रं वाचून दाखवणाऱ्या नर्सबाईंना सांग, पुढचा मजकूर ठसक्यात वाचा, मामा स्वतःची स्तुती करणार आहे. चाळीस वर्षांत असं बाइंडिंग माझ्या हातून झालं नाही. तुझ्या टाइपिस्टबाईंनी धाडलेला गठ्ठा सोडला आणि आमच्या दुकानात कागदाच्या घड्या घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मालक, हे पुस्तक आहे की उशी?" ऐंशी पानं आणि उंची वीतभर. जाड कागद, वर तुमचे ते ब्रेलचे ठिपके, सगळा माल फुगून बसलेला. म्हटलं, मावशी, फुगलेल्याला खाली आणणं हाच तर आपला धंदा. पानं शिवली, सरस दिला आणि मोठ्या प्रेसखाली दोन दिवस ठेवली. चाक मी स्वतः आवळलं, दुसऱ्याच्या हातावर सोडलं नाही. बाहेर काढलं तेव्हा वीतभराचं दोन बोटं झालं होतं. पानावरून हात फिरवावा तर कुठे अडत नाही. आरसा.

वाया काही घालवलं नाही. बाईंच्या गठ्ठ्यात जे चिटोरे होते तेसुद्धा खंडांच्या पाठीच्या अस्तराला लावून टाकले. मी या धंद्यात आलो तो दुसऱ्याच्या कारखान्यात खाली पडलेले कपटे वेचायला. ती खोड जात नाही. कागद फेकला की पोटात दुखतं.

आता उशीर नको. तीस मेला परीक्षा, म्हणजे साडेचार महिने. तू सात वर्षांची असताना तुला वसतिगृहात सोडलं, तेव्हा तू पानावरून बोट असं चालवायचीस की भिंतीवर मुंगी चाललीय. ती मुंगी वर्गात उभी राहून गणित शिकवणार, हे मला माझ्या जिवंतपणी ऐकायचंय. फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर तू माझा आवाज वाचतेस आणि माझी पंचाईत होते.

तुझा
मामा

१७ जानेवारी

मामा,

नमस्कार. पेटी मिळाली. हे पत्र तिसऱ्यांदा टाइप करतेय. पहिल्यात ओरडले होते, दुसऱ्यात रडले होते, दोन्ही फाडली.

पानं मुकी झाली आहेत.

पहिला खंड उघडला तेव्हा वाटलं, उलटा धरलाय. फिरवला. मग वाटलं, थंडीने बोटं बधिर झाली असतील. गरम पाण्यात हात बुडवून आले. मग दुसरा खंड, मग तिसरा. शेवटी नर्सबाईंना विचारलं, पानावर काही आहे का हो? त्या म्हणाल्या, "पांढरं आहे."

मामा, ब्रेलचा ठिपका म्हणजे कागदाला आलेला फोड असतो. दाबला की बसतो. तुम्ही जो फुगवटा खाली आणलात ना, तो फुगवटा म्हणजेच पुस्तक होतं.

दुसरी प्रत नाही. बाईंनी दहा महिने घरी बसून, शाईचं पुस्तक समोर ठेवून, एकेक अक्षर त्या सहा कळांच्या यंत्रावर उठवलं होतं. तुम्हाला वाटेल, हल्ली फोन सगळं वाचून दाखवतो. दाखवतो, कथा-कादंबऱ्या. गणित वाचताना तो अपूर्णांकाची रांग लावतो आणि कंस कुठे उघडला, कुठे मिटला हे त्याचं त्यालाच कळत नाही. ग्रंथालयात ब्रेल छापायचं यंत्र आहे, त्यालाही गणिताची चिन्हं पचत नाहीत. गणित बोटांखाली लागतं. वरची ओळ एका हाताखाली, खालची दुसऱ्या.

आणि ही परीक्षा मला शेवटची आहे. पुढच्या वर्षी वय उलटतं.

एक विचारायचंय. बाई म्हणाल्या होत्या की बाइंडरसाठी गठ्ठ्यात चिठ्ठी घालते. ती तुम्हाला मिळाली नाही का?

मुंगी

२० जानेवारी

मुंगे,

चिठ्ठी नव्हती.

सांगितलं असतं तर दाबलं असतं का मी? बाईंचं वय झालंय, घालायची राहिली असेल. माणूस म्हटलं की राहतं. त्यांना काही बोलू नकोस.

तुझं पत्र दुकानातच वाचलं, उभ्याने. मावशींनी स्टूल पुढे केलं, पण बसवेना. तुझी ब्रेलची पुस्तकं मी आयुष्यभर उचलली, पोचवली, ट्रंकेत भरली. उघडून हात लावून एकही पाहिलं नाही, हे तेव्हा कळलं. दोन दिवस झाले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतोय. मावशी म्हणतात, "मालक, तुमच्या चपलांनी फरशी झिजेल."

खंड परत पाठव. काहीतरी करतो. काय ते विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही. सगळे एकदम जड होत असतील तर आधी चौथा पाठव.

मामा

२९ जानेवारी

मामा,

पहिला खंड बसने पाठवला आहे. चौथा नाही, पहिला. अभ्यास ज्या क्रमाने करायचा त्याच क्रमाने पाठवते, काही जमलंच तर निदान सुरुवात हाताशी असेल.

बाईंना फोन केला होता. सांगितलं, चिठ्ठी पोचली नाही. त्या म्हणाल्या, "मी घातली होती की." मग गप्प. मग मलाच विचारलं, "घातली होती ना गं?"

मी म्हटलं, मामांना मिळाली नाही एवढं खरं. तेवढ्यात त्यांच्या सुनेने फोन घेतला. ती बिचारी वाईट नाही, थकलेली असते. म्हणाली, "अहो, मागच्या महिन्यात यांनी गॅस तसाच चालू ठेवला होता. कबूल करत नाहीत. आता हे. आम्ही त्यांच्यावर कुठलंही जोखमीचं काम टाकायचं नाही असं ठरवलंय." मागून बाईंचा आवाज येत होता, "गॅस मी बंद केला होता." सून म्हणाली, "ऐकलंत?"

दुसऱ्या दिवशी बाईंनीच फोन करून सांगितलं की आठव्या खंडाचं काम त्या थांबवताहेत. अर्धा झालाय. नववा तर उघडलेलाच नाही. म्हणाल्या, "कादंबरी असती तर एखादं वाक्य इकडचं तिकडे चाललं असतं. गणितात माझ्या डोक्याचा भरवसा नको. तुझ्या परीक्षेचं पाप मला नको." एकोणीस वर्षं त्या हे करताहेत, मामा. आमच्या ग्रंथालयातलं निम्मं कपाट त्यांच्या बोटांतून आलंय.

ग्रंथालयात विचारलं, गणित टाइप करणारं दुसरं कुणी नाही.

खोलीत बसवत नाही. नर्सबाई ड्यूटीवर गेल्या की मी जिना चढते आणि उतरते. अठरा पायऱ्या. तुम्ही तिकडे भिंती मोजताय, मी इकडे पायऱ्या.

मुंगी

८ फेब्रुवारी

मुंगे,

सोबत दहा पानं आहेत. आधी त्यांना हात लाव, मग पुढचं वाचून घे.

लावलास? मग सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी दुकान उघडलं. तुझा पहिला खंड मी उसवून ठेवला होता, पान टेबलावर पडलेलं. खिडकीतून ऊन आडवं आलं आणि त्या पांढऱ्या पानावर मला सावल्या दिसल्या. बारीक, मोहरीच्या निम्म्याने, ओळीने बसलेल्या. डोकं हलवलं की गायब. पुन्हा खाली वाकलो, गाल टेबलाला टेकवला, की हजर. तुझ्या बोटांना ते मेले असतील, पण माझ्या डोळ्यांना त्यांची भुतं दिसतात, फक्त उजेड तिरपा हवा.

मग मागून टोचून त्यांना पुन्हा उठवायचं ठरवलं. पहिल्या पानाची चाळण केली. आमचा टोच्या भोक पाडायला केलेला, त्याला फोड आणायचा म्हणजे काय ठाऊक? त्याचं टोक दगडावर घासून बोथट केलं. पानाखाली आधी पुठ्ठा घेतला, तो कडक. मग रबर, ते फार मऊ. शेवटी माझ्या जुन्या चपलेचा तळ कापला आणि बेत जमला. मावशी म्हणाल्या, "चला, फरशी तरी वाचली."

एका पानाला अर्धा तास. दिवसाला आठ पानं होतात. ऊन वर चढलं की दिवा टेबलाला टेकवून ठेवतो. मान मोडते, पण माझी मान ताठच फार होती, मोडू दे थोडी.

बरोबर उठलेत का, ते कळव. मी स्वतः हात लावून पाहतो, पण माझी बोटं चाळीस वर्षं सरसात बुडालेली, त्यांना कागद आणि पत्रा सारखाच. फक्त डाव्या हाताची करंगळी शाबूत आहे. तिने आयुष्यात कधी काम केलं नाही.

चौथा खंड पाठवशील ना? त्याचा कागद जास्त दबला असावा असं मला वाटतं.

मामा

१६ फेब्रुवारी

मामा,

वाचता येतंय.

दहा पानं तीनदा वाचली. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि खाली काहीतरी होतं. जिना चढायचं विसरले त्या दिवशी.

आता चुका. रागावू नका, गणित आहे. सातासाठी चार ठिपके असतात. त्यातला एक सुटला की सहा होतो, त्याच्या शेजारचा सुटला की आठ. चाराचंही तेच, एक निसटला की तीन, दुसरा निसटला की पाच. तुमच्या दहा पानांत सात अधिक चारचे कुठे सहा अधिक तीन झालेत, तर कुठे आठ अधिक पाच, आणि उत्तर मात्र अकराच. तुम्ही फक्त सावल्या टोचताय, म्हणून जी सावली पुसट ती सुटते. तुम्हाला ब्रेल शिकावं लागेल, मामा. अक्षर ओळखू आलं की कुठला ठिपका सुटलाय ते आपोआप कळतं. तक्ता पाठवते आहे, नर्सबाईंनी शाईने प्रत्येक चौकोनाखाली अक्षर लिहिलंय. त्या म्हणतात, विद्यार्थी वयस्कर असला की मार द्यायची सोय राहत नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. बाईंना मी नुसतं 'चिठ्ठी पोचली नाही' एवढंच नाही म्हटलं. मी म्हटलं, "एवढी एक ओळ लिहायची, ती कशी विसरलात?" माझ्या तोंडून गेलं. ज्या बाईने माझ्यासाठी दहा महिने घातले त्यांना. त्यानंतरच त्या गप्प झाल्या होत्या. तुम्ही लिहिलं होतंत की त्यांना काही बोलू नकोस, पण तुमचं पत्र वाचून झालं त्याच दिवशी मी बोलून बसले होते.

आता तुम्ही पानं उठवताय, पण बाई उठत नाहीत. काल त्यांच्याकडे गेले होते. यंत्रावर कापडाची खोळ घातलीय. हात लावला तर वर धुळीचा थर.

दुसरा आणि तिसरा खंड पाठवलेत.

मुंगी

१२ मार्च

मुंगे,

पहिले तीन खंड पुरे झाले, आजच्या बसला देतो. या वेळी पाठीकडे पानापानांमध्ये पट्ट्या घालून शिवलेत, म्हणजे खंड मिटला तरी पानं एकमेकांवर दाबली जाणार नाहीत. उशीसारखे दिसतात. मावशींना दाखवले तर म्हणाल्या, "आता बरे दिसतात." दोन महिन्यांत माणसाची नजर बदलते.

तुझा तक्ता भिंतीवर लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय? म्हणतो, म्हातारपणाची शाळा. आता सातात ठिपका सुटला तर मलाच खुपतो. परवा लग्नाच्या कार्डांचा गठ्ठा मोजताना सात आकडा आला आणि मी मनात चार ठिपके टोचले.

पण चित्त ठिकाणावर नाही. टेबल तीनदा हलवलं. खिडकीकडे, भिंतीकडे, परत खिडकीकडे. मोठ्या प्रेसला हात लावला नाही, काम दुसरीकडे पाठवतो. कुणी विचारलं तर सांगतो, चाकाचा आवाज येतोय. आवाज येत नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत, कागद हलवला तरी मी त्याचं वजन सांगतो. चाकाला काही झालेलं नाही.

बाई बसल्या का पुन्हा यंत्रावर? नसतील तर त्यांना सांग, असं होतं म्हणावं, मनावर घेऊ नका. आणि त्या गॅसचं काय झालं?

चौथा खंड पाठव. मागच्या दोन्ही पत्रांत मागितला, आता तिसऱ्यांदा मागतोय.

मामा

१९ मार्च

मामा,

चौथा पाठवला. त्याची पाळीच होती. पण विचारते, तुम्ही तो तीनदा का मागितलात? त्याच्या कागदात मला काही वेगळं लागलं नाही.

तिन्ही खंड जवळजवळ अचूक आहेत. तिसऱ्यात दोनच चुका, त्यातली एक मूळचीच असेल असं आधी वाटलं. मग म्हटलं, नाही, बाईंची कशी असेल? आणि मग लक्षात आलं की बाईंबद्दल असा विचार मी आता करायला लागलेय. स्वतःचीच लाज वाटली.

बाई बसल्या नाहीत. 'मनावर घेऊ नका' सांगितलं तुमच्या वतीने. त्या म्हणाल्या, "तुझे मामा फार चांगले आहेत, मला एका शब्दाने दोष दिला नाही." कपाटाच्या किल्ल्या त्यांनी सुनेला देऊन टाकल्यात. घरभर स्वतःसाठी चिठ्ठ्या चिकटवल्यात. नर्सबाईंनी मला वाचून दाखवल्या. दारावर, 'कडी लावली का?' नळाजवळ, 'नळ?' एक तर फ्रीजवर आहे, त्यावर नुसतं, 'आठव.' काय आठव, ते लिहिलेलं नाही.

त्या आजारी नाहीत, मामा. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. पण त्यांनी स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलंय. नर्सबाई म्हणतात, तो एकदा सुटला की बाकीचं मागोमाग जातं.

आठवा-नववा नसेल तर पेपराचा एक तृतीयांश भाग माझ्या हातात नाही. मी फॉर्म मागे घ्यायचा विचार करतेय. मुदत दहा एप्रिल.

मुंगी

२७ मार्च

(ब्रेलमध्ये, हाताने टोचलेलं)

मुंगे, नर्सबाईंना हाक मारू नकोस. हे तुझं तुलाच वाचायचंय. हळू लिहितो, लहान लिहितो, चुका होतील.

चिठ्ठी होती.

गठ्ठ्यात सगळ्यात वर होती. बाईंनी शाईने लिहिलं होतं, पाठीला पट्ट्या घाला, दाबू नका. खाली यंत्रावर ब्रेलमध्येही तेच उठवलं होतं. मी वाचली. मावशींना मोठ्याने वाचून दाखवली. हसलो. म्हटलं, आता टाइपिस्टबाई मला बाइंडिंग शिकवणार. मग चिठ्ठीला सरस लावला आणि चौथ्या खंडाच्या पाठीत अस्तराला घातली. कागद वाया जायला नको.

कपटे वेचायला होतो तेव्हा मालक म्हणायचा, तुला वाचता येतं का? मग तोंड मीट. स्वतःचं दुकान टाकलं त्या दिवशी ठरवलं, यापुढे कामात कुणाचं ऐकायचं नाही. चाळीस वर्षं ऐकलं नाही. त्यावर दुकान चाललं. त्यावरच तुझी पुस्तकं मेली.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा खरं लिहायला बसलो होतो. हात 'नव्हती' असं लिहून मोकळा झाला. पुढे प्रत्येक पत्रात वाटलं, या वेळी लिहीन. त्याऐवजी खंड मागत राहिलो. मिळाला की चिठ्ठी काढून जाळणार होतो. हे ऐकून घे, कारण ते खरं आहे.

परवा खंड आला. पाठ उसवली. प्रेसमध्ये पाठ बाहेर राहते, तिच्यावर दाब येत नाही. चिठ्ठी सरसाने पिवळी पडली होती, पण ठिपके उभे होते. सात खंडांतली पाचशे साठ पानं मी झोपवली, एवढी एक ओळ उभी राहिली.

डोळे मिटले आणि करंगळी ठेवली. आजवर उठवलेली सगळी पानं मी डोळ्यांनी वाचली होती, बोटाला एक अक्षर लागलं नव्हतं. हे लागलं. द. आ. ब. ऊ. मग न. क. आ. मी बोटाने वाचलेलं आयुष्यातलं पहिलं वाक्य. पाठ होतं, तरी वाचलं.

जाळली नाही. चौथा खंड सोबत आहे, त्याची पानं अजून उठवून झालेली नाहीत, पण आधी हा जाऊ दे. पुठ्ठा उघडलास की आत पहिल्या जागी चिठ्ठी चिकटवलीय, तुझं बोट आधी तिच्यावरच पडेल. बाईंकडे घेऊन जा. सुनेसमोर दाखव. ती लपवणारा मी, हे माझ्या नावाने सांग. मला काय म्हणायचं ते त्या म्हणतील, जे म्हणतील ते जसंच्या तसं लिही. गोड करू नकोस.

फॉर्म मागे घेऊ नकोस.

मामा

६ एप्रिल

मामा,

तुमच्या पत्रात तेरा चुका आहेत. मोजल्या, कारण पहिल्यांदा वाचून झाल्यावर दुसरं काय करावं सुचेना. मग तशीच उठले, पायऱ्या उतरले आणि थांबले नाही. नर्सबाई मागून चप्पल घेऊन आल्या.

राग आला. अजून आहे. गेले अडीच महिने बाई फ्रीजवर 'आठव' लिहून ठेवताहेत आणि तुम्ही मला लिहिताय, त्या गॅसचं काय झालं. आणि मी. तुमच्या शब्दावर मी त्यांना बोलले. तुमच्या शब्दाला मी कधी हात लावून पाहिला नाही, जसं तुम्ही माझ्या पुस्तकांना. हे लिहून टाकलं. आता जसंच्या तसं सांगते, गोड न करता.

बाई पलंगावर बसल्या होत्या, सून भाजी निवडत होती. मी चौथा खंड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पुठ्ठा उघडला. म्हटलं, ही तुमची चिठ्ठी. मामांना मिळाली होती. त्यांनी वाचली आणि लपवली. तुम्ही काहीच विसरला नव्हता.

त्यांनी चष्मा काढल्याचा आवाज आला, पुसल्याचा, पुन्हा घातल्याचा. मग त्यांनी बोट ठिपक्यांवरून नेलं. त्यांना बोटाने वाचता येत नाही, त्या डोळ्यांनी वाचतात, पण नेलं. म्हणाल्या, "'का'तल्या 'क'चा खालचा ठिपका आखूड पडलाय बघ. माझ्या यंत्राची खोड आहे ती. हे माझंच."

सूनबाईंचं निवडणं थांबलं होतं.

बाई तिच्याकडे वळल्या असाव्यात, कारण आवाज त्या दिशेने गेला. म्हणाल्या, "आणि गॅस मी बंद केला होता."

सून उठून फ्रीजपाशी गेली, आणि कागद फाटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई, यंत्र खिडकीशी ठेवू का, तिथे उजेड बरा आहे."

मी माफी मागितली, माझ्या त्या वाक्याची. बाई म्हणाल्या, "तू लहान आहेस, तुझं जाऊ दे. तुझ्या मामाचं मात्र मी एवढ्यात जाऊ देणार नाही." मी विचारलं, काय सांगू त्यांना? म्हणाल्या, "सांगते, आधी चार पानं होऊ देत."

काल आणि आज मिळून अकरा पानं झाली. रोज पाच धरली तर मेच्या पहिल्या आठवड्यात आठवा आणि नववा हातात येतात. फॉर्म मागे घेतलेला नाही. तुमचे चार ते सात त्यामागोमाग उठले पाहिजेत, तेव्हा टेबल खिडकीशीच राहू द्या, सारखं हलवू नका. चौथा परत पाठवते आहे, सोबत पाचवा, सहावा आणि सातवाही. चिठ्ठी काढून घेतलीय, ती बाईंना हवी होती. त्यांनी ती यंत्राच्या खोळीत ठेवलीय.

आज त्यांच्याकडून निघताना निरोप मिळाला. शब्दशः लिहिते.

"मामाला कळव, आठवा आणि नववा शिवायला त्याच्याकडेच येतील. या खेपेला गठ्ठ्यात चिठ्ठी नसेल. बघू या, त्याच्या किती लक्षात राहतं."

मुंगी